रुमानियन मित्राचा वर्गमित्र

ऐंशीनंतरच्या वर्षांत मी आखातात, शुऐबाच्या एका कारखान्यात पंप दुरुस्तीच्या कामावर होतो. जोडीला एक रुमानियन इंजिनियर होता. दुपारी डबे उघडले की तो आपल्या एका वर्गमित्राच्या गोष्टी काढायचा, मोडक्या इंग्रजीत पण रंगवून.

हा वर्गमित्र कवी. आधी प्रेमाच्या कविता, मग देशाच्या सर्वेसर्वा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला दरसाल एक स्तोत्र. त्या पुण्याईवर फ्लॅट मिळाला, गाडी मिळाली, शिवाय जिल्ह्याच्या साप्ताहिकात हक्काचं पान. त्या पानावर तो खरा रुमानियन कोण आणि उपरा कोण हे ठरवू लागला. आज हंगेरियन, उद्या ज्यू. शाळेत ज्यांनी त्याच्या कविता तपासल्या, त्या ज्यू मास्तरांनाही त्यानं सोडलं नाही.

"आणि लोक हे वाचतात?" मी विचारलं.

"रांगा लावून! फार विनोदी लिहितो. मीही हसायचो." मग डबा बंद करत म्हणाला, "माझी बायको हंगेरियन. एकदा तिनं मला हसताना पाहिलं."

पुढचं त्यानं सांगितलं नाही. काय एकेक माणसं तरी, आपल्याकडे असलं खपणार नाही, असं मी मनात म्हटलं. दुसऱ्याच्या देशाला नावं ठेवायला माझं काय जात होतं!

माझा खोलीतला सोबती रत्नागिरीकडचा मुसलमान, बंदरावर कारकून. चार वर्षं आम्ही एका चुलीवरचं जेवत होतो. शुक्रवारी तो मासे करायचा आणि आतून हाक मारायचा, "कालवण झालंय, येता काय हो?"

अशाच एका शुक्रवारी सुट्टीवरून परतलेल्या दोघा मित्रांनी एका वक्त्याच्या मराठी भाषणाची कॅसेट आमच्या खोलीवर आणली. पहिल्या वाक्यापासून हशा. नकला, टोमणे, कोपरखळ्या. बाहेरून आलेल्यांना हाकला, असं तो म्हणाला तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. आणि आमच्या प्रत्येकाच्या खिशात इकामा होता, परक्या देशानं दिलेला राहण्याचा परवाना. मग वक्ता मुसलमानांवर घसरला. मी तरीही हसलो. हसू आवरलं नाही म्हणणं खोटं आहे. आवरावं असं मनातच आलं नाही.

कॅसेटची बाजू संपली तेव्हा आत कालथ्याचा आवाज थांबला होता. स्वयंपाकघर दोन पावलांवर. त्याला शब्द न् शब्द ऐकू गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी रुमानियनाला सगळं सांगितलं. वाटलं, समजूत घालेल.

"विनोदी होतं ना?" एवढंच त्यानं विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिकडची राजवट कोसळल्यावर तो कवी निवडणुकीला उभा राहिला आणि दणक्यात निवडून आला, असं पुढं कळलं. मला नवल वाटलं नाही. मला आठवतो तो पुढचा शुक्रवार. ताटं मांडलेली होती, माझ्या वाटणीचा तुकडाही नेहमीसारखा मोठा होता. आतून हाक आली, "खाना तैयार है, भाईसाब."

त्यानंतर दोन वर्षं आम्ही त्याच खोलीत राहिलो. तो माझ्याशी पुन्हा मराठीत बोलला नाही.