जिन्याचं वळण

साइटवर चुन्याच्या फक्कीचा वास आला की मला लातूरच्या बाजारातला तो चिंचोळा प्लॉट आठवतो. खाली कापडाचं दुकान, वर घर, सगळा भार विटांच्या भिंतींवर. मालक रहीमभाई सारखे म्हणायचे, "साहेब, जिना रुंद करा." मला दाट संशय, हा माणूस जिन्यात गठ्ठे रचणार.

आखणीच्या दिवशी त्यांनी रिकामी बाज आणली. एक टोक मला धरायला लावून फक्कीच्या रेषांमधून चालवलं. जिन्याच्या वळणावर बाज अडली.

"भूकंपात गावाकडं आजारी अम्मीला बाजेसकट बाहेर काढताना बाज अशीच अडकली, साहेब. लई ओढली. न्हाई निघाली. दुकान बारीक होऊ द्या."

आजही तिथून जाताना मी त्या रुंद केलेल्या जिन्यात डोकावतो. एकही गठ्ठा नसतो.