उपाशी चाक

भोसरीत चाकांचं दुकान चालवणाऱ्या काकू नसत्या, तर आज मी चाकणला कामावर नसते आणि माझी मुलगी इथल्या शाळेत नसती. हे आधीच लिहून ठेवते. पुढं जे सांगणार आहे त्यात माझा राग लई येतो, आणि रागाच्या भरात माणूस उपकार सांगायचे विसरून जातं. त्यांचं नाव लिहिणार नाही. त्या म्हणतील, "दुकानाच्या पाटीवर माझं नाव न्हाई, तुझ्या कागदावर कशाला?"

मी हिंगोलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर आम्ही दोघं भोसरीत खोली करून राहिलो आणि मुलीला गावी माझ्या आईजवळ ठेवलं. वर्षभर दोघांचं काम टिकलं तर जूनमध्ये तिला आणायचं, असं ठरलं होतं. म्हणून काम जायची मला भलती भीती. तशी मी आहेच काळजीखोर. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते. रस्त्यावरून परत जाऊन चौथ्यांदा ओढलेलंही आठवतंय.

चाकणच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी आहे, तिथं मोठ्या कंपन्यांसाठी फिक्स्चर बनतात. फिक्स्चर म्हणजे वेल्डिंग करताना सुटे भाग जागच्या जागी धरून ठेवणारा लोखंडी साचा. मी स्टोअरला मदतनीस. माल आला की मोजून घ्यायचा, इनवर्ड स्लिपवर सही करायची, मागेल त्याला मागेल ते काढून द्यायचं. माझ्यावर एक सर होते. होते म्हणजे, आहेत अजून. पुण्याचे, शिकलेले, वयानं माझ्यापेक्षा लहान. मला ते नावानं हाक मारत नसत. "सातवी" म्हणत. "ओ सातवी, दहा एमएमचे बोल्ट द्या. दहा म्हणजे बोटं किती हो?" पोरं हसायची. मीही हसायची. हसले नाही तर तोंडावर राग दिसेल, ही भीती होती.

गेल्या उन्हाळ्यात मालकांनी शेडची मांडणी बदलायचं ठरवलं. सहा टेबलं लोखंडी, जाड पायांची, वर फिक्स्चर ठेवलेलं. दर वेळी क्रेन लावून हलवण्यापेक्षा त्यांना चाकं बसवायची, असं निघालं. सर म्हणाले, "सातवी, तुम्ही भोसरीलाच राहता ना? येता-जाता बघून या. कॅस्टर म्हणतात त्याला. स्पेलिंग नका विचारू."

काकूंचं दुकान आमच्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. बाहेरून दिसतं एवढंसं, आत छतापर्यंत खोकी. रबराची चाकं, नायलॉनची, लोखंडी, पीयूची म्हणजे टणक रबरासारख्या प्लास्टिकची. काकू नऊवारीत, चष्मा दोरीनं गळ्यात, लाकडी पेटीवर बसलेल्या. जुन्या भोसरी गावातल्या. मी म्हणाले, टेबलाला चाकं पाहिजेत, जड.

"जड म्हंजे?"

"सर म्हणतात, टेबल आणि वरचं सगळं मिळून सहाशे किलो. चारांत भागलं तर दीडशे. दीडशे किलोची चाकं द्या."

काकूंनी चष्मा चढवला. "फरशी कशी हाय?"

"काँक्रीटची. मधून पाण्याची नाली गेलीय, वर लोखंडी जाळी."

"ढकलनार किती जन?"

"दोघं."

"मग चारनं न्हाई भागायचं. तीननं भागायचं."

मी म्हणाले, काकू, चाकं चार आहेत.

त्या उठल्या. त्यांचे गुडघे दुखतात, उठताना पेटीला धरून उठल्या. मागून एक तिवई आणली, दुकानासमोरच्या खडबडीत जागेवर ठेवली आणि हातानं हलवली. हलेना. मग शेजारच्या चहावाल्याचं चार पायांचं स्टूल ओढलं. ते लगेच डुगडुगलं. "बघ. तिवई कदी डुगत न्हाई. चार पाय आले की एक पाय अधांतरी. तुमची फरशी काय आरसा न्हाई, आन तुमचं टेबल काय रबर न्हाई वाकायला. चारातलं एक चाक उपाशी ऱ्हातं. माझी एकादस म्हैन्यातनं दोनदा, त्या चाकाची रोज. त्याच्या वाटचं बाकीच्या तिघांनी खायचं. सहाशेला तीननं भाग."

"दोनशे."

"आन जाळीवर दनका बसनार, म्हनून त्याच्या वरचं. अडीचशेचं घे. पीयूचं घे, लोखंडी चाक फरशी खरवडतं. चारी फिरती, दोनाला ब्रेक."

मी दुकानातूनच सरांना फोन लावला. स्पीकरवर नव्हता, पण सरांचा आवाज तसाच असतो. "चार चाकांना तीननं भागतंय कोण? सातवीत हेच शिकवलं का? दीडशेची घ्या."

काकूंनी ऐकलं. त्यांनी बाहेर काढलेलं खोकं परत आत सरकवलं. "ह्या टेबलाला दीडशेची चाकं मी देनार न्हाई. दुसरीकडं मिळतील, जा."

मी रिकाम्या हातानं चाकणला गेले. सरांनी तासाभरात दुसरीकडून फोनवर चाकं मागवली. माल आला, मी मोजला, चोवीस नग बरोबर होते, मी स्लिपवर सही केली. मोजणं माझं काम होतं, वजन ठरवणं नाही. तरी सही करताना हात थांबला होता, हे मला आठवतं. थांबला तेव्हा बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही.

तीन आठवडे टेबलं छान फिरली. मग एका सकाळी दोघं पोरं टेबल ढकलत नालीवरून नेत होती. एक चाक जाळीत अडकलं, दुसऱ्याची फ्रेम वाकली, टेबल कलंडलं आणि फिक्स्चर घसरून फरशीवर पडलं. एका पोराच्या बुटापासून वीतभर लांब. तो पोरगा तिथंच खाली बसला, त्याला पाणी द्यावं लागलं. फिक्स्चर वाकलं, ते दोन दिवसांनी कंपनीला जायचं होतं.

मालक आले. सर्वांना गोळा केलं. सर म्हणाले, "चाकं स्टोअरनं घेतली. इनवर्डवर सही कुणाची आहे बघा. माल तपासून घ्यायला नको?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला माझ्या पूर्ण नावानं हाक मारली. आडनावासकट. सगळ्यांसमोर.

मालक म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघू."

चाकणला कामाला असलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगायला लागत नाही. गेटपास महिन्याच्या महिन्याला नवा होतो, नाही झाला की काम गेलं.

त्या रात्री मी रडले नाही. मी मनात सरांना पाडत होते. जिन्यावरून, गाडीवरून, त्या नालीत. देवाला हात जोडायला बसले तर मागणं सुचेना, त्यांचं वाईट तेवढं सुचत होतं. माझी आई म्हणते, दुसऱ्याचं वाईट चिंतलं की आपलं दूध नासतं. नासू दे, म्हणलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत केबिनमध्ये कोणी नव्हतं. सरांची खुर्ची पाच चाकांची. मी ती आडवी केली आणि एक चाक ओढून काढलं. सहज निघालं, एवढं सहज की मला आनंद झाला. डब्याच्या पिशवीत टाकलं. चार दिवस सर मागं रेलले की खुर्ची एका अंगाला कलायची. त्यांनी कागदाची घडी खाली घातली, खुर्ची फिरवून ठेवली. चाक गेलंय, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी स्टोअरच्या जाळीतून बघायची आणि पोट भरायची. पण घरी गेल्यावर ते चाक बाहेर काढलं की परत भूक. मुलीचा फोन यायचा, "आई, दप्तर कोणत्या रंगाचं आणणार?" मी म्हणायची, बघू. माझ्या तोंडून मालकांचंच वाक्य निघायचं.

पाचव्या दिवशी मी काकूंकडं गेले. काय झालं ते सगळं सांगितलं आणि ते चाकही दाखवलं, शाबासकी मिळेल म्हणून.

काकूंनी चाक हातात घेऊन फिरवलं. "हलकं हाय. पन्नास किलोचं बी न्हाई." मग माझ्याकडं बघितलं. "चोरून घेतलास व्हय ग सूड?"

"मग काय करू?"

"त्याला कळलं का, कुनी घेतला?"

"नाही."

"मग कशाचा सूड? ही तर चोरीच. घ्यायचा तर उजेडात घे. समोरच्याला कळलं पायजे, कशापायी मिळालं ते." त्यांनी चाक माझ्या पिशवीत टाकलं. "उंद्या एकादस, दुकान बंदच हाय. आमी देहूला जातो दरवेळी. उंद्या तुझ्या चाकनला यीन. पांडुरंगाला सांगते, थोडा उशीर हुईल."

आणि त्या आल्या. पुतण्याच्या टेम्पोतून, सोबत अडीचशे किलोच्या चाकांचं एक खोकं. गेटवर वॉचमनला म्हणाल्या, "मालकाला सांग, चाकं विकाया म्हातारी आलीय." मालकही मूळचे जुन्या भोसरीतलेच निघाले. उठून बाहेर आले. "या काकू. बसा."

"बसत न्हाई. गुडघं दुकत्यात, परत उठावं लागतं. तुमची बाकीची टेबलं दावा."

पाच टेबलं उभी होती, वर फिक्स्चर चढवलेली. काकू मला म्हणाल्या, "पोरी, एक कागद दे."

माझ्या खिशात त्या चाकांच्या इनवर्ड स्लिपची प्रत होती, माझ्या सहीची. मुद्दामच ठेवली होती. तीच दिली.

"मालक, तुमीच वाका. माझ्यानं हुईना. पैल्या टेबलाच्या चारी चाकांखाली सारून बघा."

मालक वाकले. पोरं जमली. सरही आले, हातात चहा. पहिल्या चाकाखाली कागद जाईना. दुसऱ्या, तिसऱ्या चाकाखाली जाईना. चौथ्याखाली आरपार निघाला. माझी सही एका बाजूनं आत गेली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली.

"हे चाक उपाशी हाय," काकू म्हणाल्या.

पाचपैकी तीन टेबलांखाली कागद सरकला. सर म्हणाले, "काकू, कागदाएवढ्या फटीनं काय होतंय?"

"फट कागदाएवढी आसू द्या नायतर हाताएवढी. चाक टेकलंच न्हाई तर त्याच्यावर वजन किती?"

सरांनी हातातला चहा टेबलावर ठेवला.

"सांगा की. तुमी शिकलेलं."

"शून्य."

"मग त्याच्या वाटचे दीडशे किलो गेले कुटं? तुमच्या वहीत?"

कोणीतरी फिसकन हसलं. मालक सरळ झाले, गुडघे झटकले. काकूंनी पुढं सांगितलं, फोनवर काय बोलणं झालं, त्यांनी चाकं द्यायला नकार का दिला, सगळं. आवाज चढवला नाही. मालकांनी सरांना विचारलं, "दीडशेची कुणी ठरवली?"

"कॅल्क्युलेशन माझं होतं," सर म्हणाले. "पण स्टँडर्ड कॅल्क्युलेशन तेच असतं."

मालक एवढंच म्हणाले, "सगळी बदला. काकूंकडून घ्या."

तिथं संपलं असतं. काकूंनी माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलं की आता माझी पाळी. मी पिशवीतून खुर्चीचं चाक काढलं आणि सरांच्या हातात दिलं.

"सर, हे तुमच्या खुर्चीचं. मी काढलं होतं. त्याबद्दल काय करायचं ते करा. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही माझं नाव घेतलं होतं. आज परत घ्या, आणि चूक कुणाची होती ते सांगा."

शेडमध्ये ग्राइंडर बंद होते. सरांनी चाक टेबलावर ठेवलं. मग त्यांनी माझं नाव घेतलं, आडनावासकट, आणि म्हणाले, "यांची चूक नव्हती."

"मग कुणाची होती?" हे मी नाही, तो पाणी पाजलेला पोरगा म्हणाला.

"माझी."

मालकांनी खुर्चीच्या चाकाबद्दल मला शिक्षा केली: महिनाभर रोज संध्याकाळी सगळ्या टेबलांचे ब्रेक तपासायचे. मी तसेही तीन-तीनदा तपासायचेच. गेटपास नवा झाला. जूनमध्ये मुलगी आली. दप्तर निळं घेतलं.

सर अजून आहेत, मीही आहे. वाचणाऱ्याला वाटेल आता राग गेला असेल. नाही गेला. मला तो जायला नको आहे. आता चाकं लागली की सरांना माझ्या खिडकीशी यावं लागतं. ते वजन सांगतात. मी पेन हातात धरून विचारते, "भागिले किती, सर?" मागं दोन-तीन जण उभे असतील अशाच वेळी विचारते. सर म्हणतात, "तीन." मी म्हणते, "जरा मोठ्यानं, मशीन चालू आहे." वर्ष होत आलं. एकदाही सोडलं नाही. "सातवी" हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून आलेला नाही, पण आला असता तरी चाललं असतं. उत्तर तर मलाच द्यावं लागतं.

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरे की आता. किती खाशील?" पण हसल्या.

त्यांच्याकडं एक गोष्ट मला तेव्हापासून खुपते. ती लाकडी पेटी. तिच्यात नट-बोल्ट भरलेले असतात, जड आहे, आणि रोज दुकान उघडताना त्या ती पायानं ढकलत दारापर्यंत आणतात, बंद करताना परत आत. आयुष्यभर लोकांना चाकं विकली, पण स्वतःच्या पेटीला एक चाक नाही. विचारलं तर म्हणतात, "मला कुटं जायाचंय?"

मी सुट्टीच्या दिवशी वेल्डिंग शिकतेय. शिवण अजून वाकडी येते, हाताला चटके बसतात. नीट जमायला लागली की काकूंच्या पेटीसाठी लोखंडी गाडा मी स्वतः जोडणार आहे, बसायला गादी आणि उठताना धरायला दांडा असलेला. खाली चाकं त्यांच्याच दुकानातली, पीयूची, ब्रेकवाली. चार नाही, तीन. काकू, एवढं बाकी आहे माझ्याकडं, आणि तुमच्या गाड्याचं एकही चाक मी उपाशी राहू देणार नाही.