आबांची बाराची घंटा

एसटी फाट्यावर आली तेव्हा बारा वाजायला आले होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून पंचा आत टाकून माझी जागा धरली, ट्रंक आत सरकवली आणि लगेच मागं वळले. "नीट जा. मला घंटा द्याची हाय," एवढंच बोलले. मी सांगलीला कॉलेजला निघाले होते. अंगठा उठवणाऱ्या आमच्या घरातली पहिली सही माझी. आणि माझा बाप गाडी हलायची वाट न बघता चर्चकडं पळत होता. गाडी सुटली तेव्हा रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी पडल्याचा आवाज मागून आला. पंचा माझ्या मांडीवरच राहिला होता. मला लय राग आला होता, आजही लिहिताना जरा येतोच.

कुंडलजवळच्या आमच्या गावात कॅथलिकांची सहा घरं. फादर महिन्यातून एकदा यायचे, बाकी चर्च आबांच्या ताब्यात. चर्च म्हणजे एक खोली, पुढं कट्टा आणि कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, मरियामातेच्या प्रार्थनेची घंटा आबा द्यायचे. प्रार्थना सहा घरांची, पण बाराच्या घंटेवर भाकरी सोडायचं सगळं शिवार. शेजारच्या उसातल्या शेवंताकाकी म्हणायच्या, "तुज्या बापाच्या घंटीबिगर माजी म्हस बी पाणी पीत न्हाई. तिला बाटवलीय त्यानं."

तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे पिशव्या घेऊन निघालात, त्या दोघांनाही हे सांगायचं आहे. हौस म्हणून सांगत नाही.

बी.एस्सी. झाले, साताऱ्यात एका डेअरीच्या लॅबमध्ये लागले. लग्न झालं, मुलगी झाली, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. सगळं जागेवर होतं, तरी आतून मी कुठंच बसलेली नव्हते. मग पुण्याकडच्या एका ख्रिस्ती मठात तीन दिवस राहायला गेले. तिथले व्रतस्थ ठरल्या वेळी प्रार्थना करतात, मधल्या वेळात गायी, भाजीपाला, स्वयंपाक. तिथल्या वयस्कर फादरनी सांगितलं की घंटा झाली की हातातलं काम अर्धं सोडायचं, लिहिणाऱ्यानं अक्षरसुद्धा पुरं करायचं नाही. मला हसू आलं. हे तर मला आबांनी शिकवलं होतं. संसारात राहूनही मठाचा नियम पाळता येतो, तसा शब्द देऊन मठाशी जोडून घेता येतं, हे तिथं कळलं. दोन वर्षांनी वेदीसमोर उभी राहून मी तो शब्द दिला. वेळेला प्रार्थना. जिथं ठेवलंय तिथं टिकून राहणं. आणि दाराशी येईल त्याला प्रभू समजून घरात घेणं.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा आबांची घंटा फोनमध्ये भरून घेतली आणि तिचाच गजर लावला. बाराला ती वाजली की हातातली दुधाची परीक्षानळी स्टँडला लावायची, फ्रिजशेजारी उभं राहायचं, तीन मिनिटं. सोबतचे म्हणतात, "मॅडमची शाळा सुटली." हसतात, पण कुणी मध्ये बोलत नाही. कुकर, मुलीचा अभ्यास, पाणी भरणं, सगळ्याला त्या घंटेनं एक शिस्त आली. मला तिचा अभिमान वाटायचा. जरा जास्तच वाटायचा, हे आता कळतंय.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आबांच्या बटणाच्या फोनवर एक बटण दाबून धरलं की मला लागतो. ते दुपारी कधी करत नाहीत, त्या दिवशी केला. शेवंताकाकींच्या म्हशीचं झालं, उसाच्या तोडीचं झालं. मग म्हणाले, "सुमे, मी काय म्हनत हुतो..." आणि गजर झाला.

"आबा, वेळ झाली. नंतर करते."

पलीकडून म्हणाले, "व्हय, जा जा. घंटा झाल्यावर थांबायचं न्हाई."

फोन ठेवून मी प्रार्थना केली. मन लावून केली, तेच आता टोचतं. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई गं, सहजच."

दोन आठवड्यांनी गावी गेले तेव्हा आबा चर्च झाडायला गेले होते. शेवंताकाकी कट्ट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आलीस व्हय? त्या दिशी त्यो पिशवी भरून बसला हुता. दोन सदरं, धोतर, जपमाळ. त्यात हातोडी बी घाटली. म्हनला, लेकीला इचारतो आन् सांजच्या गाडीनं जातो. मग फोन झाला आन् उठून घंटा दिली, झालं. मी म्हनलं, काय रं? तर म्हनला, तिची प्रार्थनेची येळ हुती."

त्याच पुढं म्हणाल्या, "त्याला घड्याळ दिसत न्हाई, सुमन. परवा साडेधालाच बारा वाजिवलं. आमी भाकरी सोडून बसलो, तर सावली पार तिकडं. गडी लय हसलं. आता हसत न्हाईत. आता त्येच्या घंटीवर कोन जेवत न्हाई."

आबांना मिरजेला दाखवलं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपू. परतताना गाडीत म्हटलं, "आबा, साताऱ्याला चला." त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. "तुज्या घरात येळेला किंमत हाय. माज्यापायी मोडू नगंस."

नवरा म्हणाला, "तू नियम पाळलास, तुझं काय चुकलं?" तो चांगल्या मनानं म्हणाला. पण खरं मला माहीत आहे, आणि ते इथं लिहिते, कारण मठातही अजून सांगितलं नाही. "मी काय म्हनत हुतो" ऐकलं तेव्हा पुढचं वाक्य मला अर्धं कळलं होतं. दोन खोल्या, मुलीची दहावी, रात्रपाळीचा नवरा, हे एका क्षणात डोळ्यापुढून गेलं. आणि घंटा वाजली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. जिचा शब्द दिला होता ती प्रार्थना मी आडोशाला घेतली. दाराशी आलेल्याला घरात घ्यायचं हाही त्याच नियमातला शब्द होता. टिकून राहायचं म्हणजे आपली जागा अडवून बसायचं, असा अर्थ मी कधी लावून घेतला, कुणास ठाऊक.

मागच्या रविवारी परत गेले. आबा कट्ट्यावर होते. बाराला माझ्या फोनमध्ये त्यांचीच घंटा वाजली तसे ते हातोडी चाचपत उठले. मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा घंटेच्या आड आले.

"आबा, त्या दिवशीचं आधी पुरं करा. काय म्हणत होता?"

"कवाचं?"

"फोनवरचं."

ते रुळाकडं बघत राहिले, म्हणजे रूळ असेल त्या बाजूला. "इसरलो," म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नाही, कान लाल झाले. मग हळूच हात सोडवून घेतला आणि बारा टोले दिले. शिवारात कुणी मान वर केली नाही.

घरात खुंटीला ती पिशवी तशीच होती, तोंड बांधलेली. फक्त हातोडी काढून घेतलेली. मी ती खांद्याला लावली. आबा दारात उभे होते, त्यांना खुंटीची करकर ऐकू आली असावी.

"ही नेते."

मग म्हणाले, "ने. सदरं धुऊन आन."

आण म्हणाले, म्हणजे परत गावी. तिकडंच राहू दे म्हणाले नाहीत. त्या एका शब्दावर मी आठवडाभर घुटमळते आहे.

सदरे धुतले, इस्त्री केली, पुन्हा पिशवीत भरले. पिशवी आमच्या पुढच्या खोलीत खुंटीला आहे. तिच्याखालचा पलंग मुलीनं स्वतःहून रिकामा केला आणि ती पुस्तकं घेऊन आत गेली. आता रोज बाराला पाच कमी असताना मीच फोन लावते. बाराला माझ्या गजराची घंटा वाजते, ती फोनवर ऐकून आबा उठतात आणि तिकडं बरोबर बाराला टोले पडतात. मी फोन ठेवत नाही. प्रार्थना तशीच चालू फोनवर करते, नियमात बसते की नाही, माहीत नाही.

घर कुठलं असं विचारलं तर मी पूर्वी ताठ मानेनं सातारा सांगायचे. आता तोंडात शब्द अडतो. आबांनी गर्दीच्या गाडीत पंचा टाकून माझी जागा धरली होती, ती मला मिळाली, मी बसले, पुढं आले. आता पिशवी टांगून त्यांची जागा मी धरली आहे. गाडी अजून फाट्यावर उभी आहे, आणि ते चढलेले नाहीत.