ताईला न मिळालेली भाकर

आईला पक्षाघात झाला तेव्हा ताईचं आमच्याकडे येणं-जाणं जवळपास थांबलेलं होतं. बाबांनी तिला येऊ नकोस असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त तिच्याशी बोलणं सोडलं होतं.

कारण होतं बाप्तिस्म्याचं. लग्नानंतर ताई ओझरला राहायला गेली. दाजी तिथल्या विमानाच्या कारखान्यात फिटर होते. कॉलनीतल्या एका घरी संध्याकाळी प्रार्थनेला माणसं जमत, टाळ्या वाजवून गीतं गात, आत्मा संचारल्यावर कुणालाच न कळणाऱ्या ‘अन्य भाषां’मध्ये प्रार्थना करत. ही दोघंही तिकडे जाऊ लागली आणि एका रविवारी द्राक्षबागेतल्या हौदात बुडी घेऊन त्यांनी नव्यानं बाप्तिस्मा घेतला. इकडे बाबा नाशिकच्या आमच्या जुन्या दगडी चर्चच्या कमिटीवर. ताई तान्ही असताना त्यांनीच तिला बाप्तिस्म्यासाठी हातांवर धरून चर्चच्या पाळकांपुढे नेलं होतं.

“म्हणजे तेव्हा मी जे केलं, ते खोटं?” त्यांनी तिला विचारलं.

खोटं नाही, ताई म्हणाली, पण तो विश्वास तुमचा होता, माझा नव्हता. त्यानंतर बाबा तिच्याशी बोलेनासे झाले. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणाऱ्याला आपल्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षरस, द्यायचं नाही, असा ठराव पुढे कमिटीत झाला. बाबांनीही त्याला हात वर केला. असे ठराव इतर मंडळ्यांतही होत होते, त्यामुळे मलाही त्यात वावगं वाटलं नाही.

मग आई अंथरुणाला खिळली. तिची उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. घरात आम्ही दोघे पुरुष. मंडळीतल्या बायका सफरचंदं घेऊन यायच्या, डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करायच्या आणि चहा पिऊन जायच्या. आईला स्वच्छ करायला, साडी बदलायला कुणी मदत कराल का, असं मी एका मावशींना चाचरत विचारलं. त्या म्हणाल्या, “एखादी बाई ठेवा ना, हल्ली मिळतात.” त्या वाईट नव्हत्या. पण आईच्या खोलीतला वास नाकात असताना ते ऐकून माझी मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. तिला कुणी कळवलं कोण जाणे. पदर खोचून तिनं पाणी तापवलं आणि आईच्या खोलीचं दार लोटून घेतलं. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसले होते. थोड्या वेळानं मला म्हणाले, “तिला सांग, इथं त्या भाषा नकोत.” आतून ताईनंच उत्तर दिलं, “नाही करणार, बाबा.”

मग ती रोज एसटीनं येऊ लागली. तिच्या मुलीला ताप भरला तेव्हा तिच्या प्रार्थनेच्या गटातल्या दोघी आल्या. एक मूळची चांदवडची होती, दुसरीचं बोलणं पेठ तालुक्याकडचं. त्यांनी आईची घाण काढली, चादरी धुतल्या, पेज भरवली, केस विंचरून वेणी घातली. निघताना त्यांनी बाबांना विचारलं, हळू आवाजात प्रार्थना केली तर चालेल का? बाबांनी मान डोलावली. त्या दोघी आईचं नाव घेऊन पुटपुटत राहिल्या आणि बाबा दाराशी उभे राहून ऐकत होते. ज्यांना आम्ही घरात बसून ‘टाळ्यावाले’ म्हणून हसायचो, त्यांच्या हाताला आमच्या आईच्या केसांतल्या तेलाचा वास होता. मला त्यांच्याकडे नीट बघवेना. ताईच्या या जाण्या-येण्यावर त्यांच्या गटाच्या पुढाऱ्याचीही नाराजी होती, हे मला नंतर कळलं. आत्मा न उरलेल्या त्या मेलेल्या मंडळीत पुन्हा कशाला जातेस, असं त्यानं तिला ऐकवलं होतं.

एके दिवशी आई तुटक आवाजात “भाकर, भाकर” म्हणू लागली. ती प्रभुभोजन मागते आहे, हे ताईला समजलं. रविवारी उपासना आटोपून पाळकसाहेब घरी आले. आईला बसता येत नव्हतं, म्हणून ताई पलंगावर तिच्या मागे बसली आणि तिला छातीशी टेकवून धरलं. पाळक तरुण होते, भिडस्त होते. बाबांना हळूच म्हणाले, “ठराव तुम्हाला ठाऊकच आहे.”

“पाळकसाहेब, मी नुसती आईला धरते,” ताई म्हणाली.

त्यांनी आईच्या जिभेवर भाकरीचा कण ठेवला. ताईनं प्याल्याला खालून हात लावला, ओघळलेला द्राक्षरस स्वतःच्या पदरानं टिपला. मग पाळक माझ्याकडे वळले. मी घेतलं. मग बाबांकडे. बाबांचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला.

“मला नको,” ते म्हणाले. “तिच्या आईला तीच पाजतेय, आणि तिलाच नाही. मी कुठल्या तोंडानं घेऊ?”

पाळक प्याला हातात धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. आईला काय समजलं माहीत नाही, पण ती बाबांकडे टक लावून पाहत होती.

“बाबा, घ्या,” ताई म्हणाली. “माझ्यासाठी उपाशी राहू नका. आई बघतेय.”

बाबांनी घेतलं. पाळकांना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो, तेव्हा ते म्हणाले की नियम काही त्यांनी केलेला नाही. ज्यांनी केला त्यांतला एक आत पलंगाशी बसून रडत होता.

तो ठराव बदलावा म्हणून बाबांनी पुढच्या बैठकीत विषय काढला. कुणी साथ दिली नाही. त्यांनी कमिटी सोडली, चर्च सोडलं नाही. आई गेली तेव्हा ओझरची माणसं टेम्पो करून आली आणि कब्रस्तानात आमच्या लोकांपासून लांब, भिंतीला लागून उभी राहिली. बाबा स्वतः चालत त्यांच्याकडे गेले आणि त्या दोघी बायकांना घेऊन कबरीपाशी आले. आईला माती देताना त्या बाबांच्या शेजारी होत्या.

बाप्तिस्म्यावरून बाप-लेकीचं शेवटपर्यंत पटलं नाही. नाताळात करंज्या भरता भरताही दोघं बायबलमधली वचनं काढून भांडायची, आणि भांडण अर्धं टाकून ताई त्यांच्या गोळ्या काढून द्यायची. बाबांचे गुडघे गेल्यावर तीच त्यांना रिक्षानं आमच्या चर्चला घेऊन यायची. प्रभुभोजनाच्या वेळी त्यांना हात देऊन उठवायची, मला सोपवायची आणि स्वतः बाकावर बसून राहायची. लोक तिच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे जात. मी बाबांना घेऊन परत आलो की ती आमच्यासाठी जागा करून द्यायची, आणि मी तिच्याकडे न बघता बसायचो.