निळ्या पट्ट्यातला फोन नंबर

माझा मेव्हणा गोव्यात हरमलच्या किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांना, म्हणजे झावळ्यांच्या हॉटेलवाल्यांना, मेनूकार्डे करून देतो. माडाचे झाड, लाट, मावळता सूर्य, आणि मध्ये कुठेतरी किंगफिशचा भाव, जो शोधायला गिऱ्हाईकाला वेटर बोलवावा लागतो. एवढ्या भांडवलावर त्याने माझ्या मुलीचा बायोडेटा करायला घेतला.

मुलगी रसायनशास्त्र शिकलेली. एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सहायकाची एकच जागा निघाली होती. अर्जाला आठ दिवस होते. ती हुकली तर हरमलच्या गेस्टहाऊसच्या काउंटरवर बसायचे, हेही मामानेच ठरवून ठेवले होते.

तिने स्वतः केलेला बायोडेटा वाईटच होता, ते मी लपवत नाही. तीन पाने, सगळी अक्षरे एकाच मापाची, ओळीला ओळ चिकटलेली. शाळेतल्या रांगोळी स्पर्धेचे बक्षीस पहिल्या पानावर आणि प्रयोगशाळेतला दोन वर्षांचा अनुभव तिसऱ्यावर. मामाने त्याचे एक पान केले. डावीकडे गडद निळा पट्टा. मी पट्टी लावून मोजला, पानाची एक-तृतीयांश रुंदी. त्यात गोलात फोटो आणि खाली बारीक पांढऱ्या अक्षरांत पत्ता नि फोन नंबर. चार रंग, पाच तऱ्हेची अक्षरे. उजवीकडे पिवळ्या चांदण्या: इंग्रजीला पाचापैकी चार. पुढे "टीमवर्क नव्वद टक्के."

नव्वद टक्के कोणी मोजले, एवढेच मी विचारले.

"भावोजी, आता कोण वाचना नाय. लोक फक्त बघतत," तो म्हणाला.

बायकोने माझ्याकडे पाहिले. भाऊ तिचा. मी गप्प बसलो, आणि त्याबद्दल स्वतःलाही मी सोडत नाही.

आमच्याकडे नोकरीचा अर्ज सरळ जात नाही. ईमेल करतातच, पण त्यावर कोणी विसंबत नाही. एक प्रत हातोहात जाते. आमची प्रत शेजाऱ्याने नेली. तो कंपनीची बस चालवतो. त्याने ती स्टोअरमधल्या ओळखीच्या माणसाला दिली, त्याने झेरॉक्स काढून ऑफिसात दिली, तिथे साहेबांसाठी त्या झेरॉक्सची झेरॉक्स निघाली. पाचव्या दिवशी संध्याकाळी शेजारी तोच कागद घेऊन आमच्या पायरीवर आला.

"सायबान विचारल्यान, चेडवाक फोन नाय काय?"

चेडू म्हणजे आमची मुलगी. मी कागद पाहिला: निळा पट्टा काळा कुळकुळीत झाला होता. नंबर, पत्ता, फोटो, सगळे त्या डांबरात गेले होते. पिवळ्या चांदण्या तर उमटल्याच नव्हत्या. इंग्रजीपुढे कोरी जागा होती. टीमवर्क मात्र नव्वद टक्के शाबूत. दुसरा कागद परवापर्यंत द्या, नाहीतर हा बाजूला ठेवतील, असे शेजाऱ्याने सांगितले. मुलगी कागद उलटा करून पाठीमागे बघत राहिली, जणू नंबर तिकडे निघाला असता.

मी डिचोलीच्या खाणीवर सोळा वर्षे वजनकाट्यावर होतो. ट्रकच्या पावतीला कार्बनच्या तीन प्रती निघत. तिसरी ड्रायव्हरची. धुळीच्या हातांनी, उन्हात, इंजिन चालू असताना त्याला आकडा दिसला पाहिजे; नाहीतर पाठीमागे ट्रकांची रांग लागे. आकडा मोठा, भोवती जागा कोरी, रोज एकाच ठिकाणी. याला डिझाइन म्हणतात हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

त्या रात्री जेवण आटोपल्यावर मुलगी आणि मी बसलो. पांढऱ्यावर काळे. वर नाव, त्याखाली नंबर, पाच-पाच आकड्यांत तोडून. मग प्रयोगशाळेतला अनुभव, वर्षे उजव्या कडेला एकाखाली एक. ती कोणती यंत्रे हाताळते, ते नावानिशी. रांगोळीचे बक्षीस गाळले. चांदण्यांच्या जागी तिने लिहिले: दोन वर्षे रोजचे अहवाल इंग्रजीत लिहिले. सकाळी धारगळला जाऊन मी त्याची झेरॉक्स काढायला लावली, मग झेरॉक्सची झेरॉक्स, मग तिची. दुकानदार म्हणाला, मूळ कागद आहे ना, मग हे कशाला? मी तिसरी प्रत चष्मा काढून हात लांब करून वाचली. नंबर दिसला. मग मूळ कागद शेजाऱ्याकडे दिला.

तीन दिवसांनी फोन आला. आता ती त्याच प्रयोगशाळेत आहे.

गणेश चवथीला मेव्हणा आला. गणपतीपुढे, फळे-पाने टांगलेल्या माटोळीखाली बसून पाहुण्यांना सांगत होता की भाचीची नोकरी त्याच्या बायोडेटाने झाली. मी बायकोकडे पाहिले. तिने या वेळी मान दुसरीकडे वळवली. मुलगी आत गेली आणि कपाटातली ती काळ्या पट्ट्याची झेरॉक्स आणून त्याच्यापुढे धरली.

"मामा, माझा नंबर वाच बघू."

त्याने कागद लांब धरला, जवळ आणला, उजेडाकडे नेला. "मशीन खराब आसतला," तो म्हणाला आणि ताटातल्या गोड नेवरीकडे वळला.