बारा मिलिमीटर

पाण्याचा अभ्यास करणारी पण बोटही ओलं न करणारी माणसं मी एकतीस वर्षांत पुष्कळ पाहिली. आमच्या प्रयोगशाळेत दोन पंथ आहेत. तळमजल्यावर आम्ही. पंप, टाकी, पारदर्शक पाइप आणि कायम ओली फरशी हा आमचा संसार. दुसऱ्या मजल्यावर ते, त्यांच्या खुर्च्या आणि त्यांची कॉफी. पाणी पाइपातून कसं जाईल हे ते संगणकावर गणित मांडून सांगतात, आणि आम्ही खरोखरचं पाणी सोडून ते तसं जातं का ते बघतो. जुळलं नाही की चूक कुणाची यावर भांडण. मी इथला मिस्त्री. पगाराच्या कागदावर काहीतरी लांबलचक पद लिहिलेलं असतं, पण ते मलाच पाठ नाही.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी त्यांना न बघताच वरच्या पंथात टाकून दिलं होतं. बाई छत्तिशीच्या, चष्मा सारखा नाकावर घसरलेला, पायात दणकट बूट. त्या पोस्टडॉक होत्या. म्हणजे डॉक्टरेट झालेली, पण नोकरी पक्की नाही, मुदतीवर संशोधन करायचं आणि मुदत संपली की नवं दार शोधायचं. ही त्यांची तिसरी प्रयोगशाळा. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसलं आयुष्य. पहिल्याच आठवड्यात दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांना खोकल्यावर औषध विचारलं. त्या म्हणाल्या, "गरम पाणी प्या. मला फक्त पाण्यातलं कळतं." त्याने खरंच प्यायलं, त्याला बरं वाटलं, आणि तेव्हापासून त्या सगळ्यांच्या डॉक्टरबाई झाल्या.

त्यांचा नवरा नऊ तासांच्या अंतरावर एका गावात शाळेत शिकवायचा. सात वर्षांची मुलगी त्याच्याजवळ होती, घरात सासूबाई होत्या. बाईंना इथे एकट्या माणसाची खोली मिळालेली. आमच्याकडचा नियम असा की दोन वर्षांची मुदत असेल तरच कुटुंबाला राहायला घर मिळतं, आणि बाईंची मुदत होती एक वर्षाची. ती महिन्याभरात संपणार होती. सरांनी दोन वर्षं वाढवून दिली तर मुलगी आणि नवरा इथे येणार, नवऱ्याला इथल्या एका शाळेने होकारही दिलेला. नाही दिली तर चौथं दार. हे त्यांनी मला रडत वगैरे सांगितलं नाही. पंपाचा आवाज कमी करता येईल का असं विचारायला आल्या होत्या, कारण रोज दुपारी मुलीचा फोन यायचा आणि तिचं बोलणं ऐकू यायचं नाही, त्यातून सगळं निघालं. मी दुपारी वीस मिनिटं पंप बंद ठेवायला लागलो. सरांना सांगितलं, पंप तापतो.

आता सरांचं ऐका. सर म्हणजे आमचे प्रमुख. माणूस चांगला, फक्त स्वतःचं नाव त्यांना फार गोड लागतं. अकरा वर्षांपूर्वी आम्ही वळणाच्या पाइपवर नऊ भोकं पाडून नऊ ठिकाणी पाण्याचा दाब मोजला होता. आठ ठिकाणी गणित आणि माप जुळलं. पाचव्या भोकाशी जुळेना. ते भोक वळणाच्या जरा पुढे, जिथे पाणी भिंत सोडून भोवरे घालतं. सरांनी महिनोन्‌महिने डोकं लावलं आणि शोधून काढलं की गणितातला एक गुणक थोडा कमी धरला की नऊच्या नऊ जुळतात. त्यावर तीन लेख आले. लोक तो आकडा सरांच्या नावाने वापरायला लागले. सर सहा महिने जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

डॉक्टरबाईंचं काम होतं हेच वळण नव्याने सोडवायचं. संगणकात पाण्याचे कोट्यवधी बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाचा हिशेब लावायचा. इतकं बारीक गणित असलं की मग त्यात असला गुणक घालावाच लागत नाही. एक गणित पूर्ण व्हायला नऊ दिवस लागायचे. बाईंची एक पद्धत मला आवडायची, जरी तेव्हा मी कबूल केलं नसतं. गणित पूर्ण होईपर्यंत त्या माझे आकडे बघायच्या नाहीत. कागद घडी घालून खणात. "आधी बघितलं की हात आपोआप तिकडे वळतो," म्हणायच्या.

गणित झालं, खण उघडला. आठ जुळले. पाचवं नाही.

बाईंनी तुकडे आणखी बारीक केले, पुन्हा नऊ दिवस. पाचवं तिथंच. मग खाली आल्या.

"मिस्त्रीकाका, ते पाचवं भोक नेमकं कुठे आहे?"

"नकाशात आहे तिथे. वळणापासून दोनशे चाळीस मिलिमीटर."

"तुम्ही स्वतः मोजलंय?"

"मीच पाडलंय की! माझ्या हातचं काम आहे, बाई."

आठवड्याने पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. त्या हसल्या आणि गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा हसल्या नाहीत. मीही मोजायची पट्टी हातात घेतली नाही. एकतीस वर्षांत माझं माप चुकलंय असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि कालची आलेली पोर मला विचारते! माणसाचा अभिमान असा गाढवासारखा असतो, मधोमध उभा राहतो.

शुक्रवारी मुदतवाढीची बैठक होती. त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी पाइपाच्या चापाखालचं रबर गळायला लागलं म्हणून मी चाप सोडला. चाप म्हणजे पाइप धरून ठेवणारं लोखंडी कडं. तो हातात आला आणि मला अकरा वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. नकाशाप्रमाणे पाचवं भोक बरोबर या चापाखाली येत होतं. चाप कापून नवा करायला अर्धा दिवस गेला असता. मी म्हटलं, जरासं पुढे पाडू, नकाशात दुरुस्ती करून ठेवू. भोक पाडलं. दुरुस्ती राहिली.

मोजलं. दोनशे बावन्न. बारा मिलिमीटर पुढे. इतर कुठे असतं तर बारा मिलिमीटरने काही बिघडलं नसतं, पण त्या भोवऱ्यांच्या जागी दाब इतका भराभर चढतो की बोटभर सरकलं तरी आकडा दुसराच.

मी फरशीवरच बसलो. सरांचं नाव ज्या आकड्यावर झालं, तो आकडा माझ्या आळसातून निघाला होता. पाण्याचा त्यात काही संबंधच नव्हता.

तेवढ्यात डॉक्टरबाई जिन्यावरून खाली आल्या. हातात कागद होता. कसनुसं हसत म्हणाल्या, "जुळलं हो, काका. नऊच्या नऊ."

मी बघितलं. माझ्या मापांचे नऊ ठिपके आणि त्यांच्या गणिताची रेघ; रेघ पाचव्या ठिपक्यातून अगदी मधोमध गेली होती.

"कसं जुळलं?"

"सरांचा गुणक घातला. दुसऱ्या ठिपक्यांपासून रेघ किंचित हलली, पण डोळ्यांना कळत नाही." मग म्हणाल्या, "दोन महिने घालवले मी. सगळं जग एकीकडे आणि मी एकटी दुसरीकडे. माझंच काहीतरी चुकत असणार. आणि मला घर हवंय, काका. मुलीबरोबर राहायचंय. बस्स."

खोटं बोलत नाही, मला मोह झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहिलो तर बाईंना दोन वर्षं मिळणार, सरांचं नाव राहणार, मी अडीच वर्षांनी हार घालून निवृत्त होणार. तोंड उघडलं तर तिघांचंही नुकसान. एवढं सगळं कळत होतं, तरी त्या कागदावरची ती सरळ मधोमध गेलेली रेघ मला बघवेना. पोरगी बरोबर होती आणि स्वतःला चूक म्हणत होती, ते माझ्यामुळे.

"तुझं काही चुकत नाहीये," मी म्हटलं. कधी नव्हे ते तोंडातून 'तू' निघालं. "माझं चुकलंय. ये, बघ."

त्यांनी पट्टी लावून स्वतः मोजलं. दोनदा. मग पाठ सरळ करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आनंद होईल. झाला नाही.

"मी तीनदा विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तीनदा, काका."

त्यांनी हातातला कागद चार तुकडे करून कचऱ्यात टाकला आणि म्हणाल्या, "चला वर."

सरांच्या खोलीत मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सर ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत होता. मग ते उठले, खाली आले, आणि चांगल्या पँटीनिशी ओल्या फरशीवर गुडघे टेकून त्यांनी स्वतः मोजलं. मी त्यांना टाकीजवळ इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. दोनशे बावन्न. "योग्य जागी भोक पाडा," एवढंच म्हणाले आणि ओल्या गुडघ्यांनी वर गेले. बैठक पुढे ढकलली.

मी चाप कापून नवा केला. अर्धाच दिवस लागला. दोनशे चाळीसवर भोक पाडलं, पाणी सोडलं, दाब मोजला. बाईंच्या पहिल्या गणिताची, कसलाही गुणक न घातलेली रेघ त्यातून गेली. वर त्यांना दाखवायला गेलो तर म्हणाल्या, "माहीत होतं," आणि पुन्हा कामाला लागल्या. माझ्यावरचा राग गेला नव्हता, आणि जावा असं मलाही वाटत नव्हतं.

मंगळवारी सरांनी दोघांना बोलावलं. पाच दिवसांत माणूस वाळला होता.

"तिन्ही लेखांना दुरुस्ती द्यावी लागेल," ते म्हणाले. "मी देईन. माझ्या सहीने देईन. पण त्या गुणकाने सोडवलेली वळणं सगळी पुन्हा सोडवायला हवीत, आणि हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही, बाई. मी तुम्हाला सहा महिने वाढवून देतो."

मी बाईंकडे बघितलं. वर्षभरात ही बाई सरांपुढे 'हो सर'च्या पलीकडे गेली नव्हती.

"सहा महिने नकोत, सर."

"काय?"

"सहा महिन्यांत माझ्या मुलीचे दोन दात पडतात, आणि ते मी फोनवर बघते. असे सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष करत सहा वर्षं गेली. दुरुस्तीचं लिखाण तीन आठवड्यांत करून देते आणि घरी जाते. तिथे एखादी शाळा गणिताला घेईल मला."

"अहो, पण तुमच्यासारखं माणूस मला पुन्हा कुठे मिळणार?"

"मग दोन वर्षं द्या."

सर म्हणाले, "वर पटवावं लागेल मला."

"पटवा," बाई म्हणाल्या.

सरांनी फोन उचलला आणि आमच्यासमोरच वरच्या साहेबांशी बोलले. माझ्याकडून अकरा वर्षं चूक झाली, ती हिने पकडली, हिला सोडलं तर आपल्यासारखे करंटे आपणच, असं म्हणाले. 'माझ्याकडून' म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. माझ्या मनात सरांबद्दल जे काही वाकडं होतं, ते त्या एका शब्दाने सरळ झालं. चार वाजता कागद हातात आला. दोन वर्षं.

बाईंनी बाहेर येऊन घरी फोन लावला. पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "बोल, काय झालं? अगं, बोल ना." बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना शब्दच फुटेना. "रडतेस का? नाही दिली का मुदत? जाऊ दे, ये तू घरी," तो म्हणत होता. बाईंनी फोन माझ्या हातात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या गृहस्थाला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"मी इथला मिस्त्री बोलतोय," मी म्हटलं. "ती येत नाही. तुम्हीच या, पोरीला घेऊन."