खंडेनवमीला घरी आलेली गेजं

त्या वर्षी कनेक्टिकटमधल्या आमच्या बंदुकांच्या कारखान्याला उपवर मुलीसारखी स्थळं सांगून येत होती. दक्षिणेतलं एक राज्य म्हणे जमीन फुकट देणार, दुसरं कर माफ करणार, तिसरं स्वतःच्या खर्चाने कामगार शिकवून तयार ठेवणार. त्यांचे टायवाले अधिकारी यायचे, मालकाबरोबर जेवायचे आणि गावाची झोप उडवून जायचे. निम्म्या घरांच्या चुली कारखान्यावर पेटत होत्या, आमचीही. नवरा तिथे क्वालिटी इंजिनिअर. ग्रीन कार्डाचा अर्ज कंपनीनेच केलेला. कंपनी गेली आणि आम्हाला मागे ठेवलं, की तो बुडाला आणि आमचं चंबूगबाळं परत पुण्याला.

मालक गुपचूप यंत्रं हलवतोय असा कामगारांना संशय होता, म्हणून ते गेटवर पहारा देत होते. आणि नेमके अशा दिवसांत आमचे हे, शहाण्यांचे शिरोमणी, खंडेनवमी आली म्हणून बंदुकीच्या नळ्या तपासायची पोलादी गेजं, म्हणजे मोजमापाची हत्यारं, पेटीत घालून घरी घेऊन आले! दर वर्षी आणायचे, पूजा करायचे, दुसऱ्या दिवशी परत न्यायचे. फोरमनची ना नसायची. यंदा वारं फिरलंय, हे यांच्या डोक्यातच आलं नाही.

पूजा झाल्यावर म्हणतात, "अगं, गेटवर दोघातिघांनी बघितलं मला पेटी नेताना."

"मग आत्ता सांगताय?" मी ओरडले. तेवढ्यात ड्राइव्हवेत पिकअप येऊन थांबला. मागच्या काचेला दोन रायफली लटकवलेल्या. त्या गावात हे रोजचंच, पण त्या दिवशी सहा वर्षांच्या लेकीला मी पाठीशी ओढलं.

उतरला तो नळ्यांच्या खात्यातला कामगार, यांच्या रोजच्या ओळखीचा. "पेटी कुठे आहे?" एवढंच त्याने विचारलं. मी आत बोट दाखवलं.

पाटावर गेजं मांडलेली, हळदकुंकू वाहिलेली, वर परसातले झेंडू. तो बघतच राहिला. मग हे म्हणाले, "ज्या हत्यारांवर पोट भरतं, त्यांना वर्षातून एकदा नमस्कार करतो आम्ही. उद्या परत आणतोय."

त्याने टोपी काढली. "आणि तू? कंपनीने तिकडे बोलावलं तर जाशील?"

हे पाटावरचे झेंडू सारखे करू लागले. माझा देवाचा धावा चाललेला. तेवढ्यात माझ्या मागून लेक म्हणाली, "वुई आर गोइंग. आई ऑलरेडी पॅक्ड द गुड प्लेट्स."

खरं होतं ते. बोलावणं आलं नव्हतं, तरी धसक्यापायी मी बेसमेंटमध्ये खोकी भरायला घेतली होती. यांनाही ठाऊक नव्हतं. हे माझ्याकडे बघत राहिले, मी त्या माणसाच्या हातांकडे. ते हात हलले की आम्ही संपलो, असंच वाटत होतं.

त्याने सावकाश टोपी घातली. "उद्या पेटी घेऊन एकटा येऊ नकोस," तो यांना म्हणाला. "पोरं चिडलेली आहेत. पार्किंगमध्ये थांब, मी बरोबर येईन."

दाराशी जाऊन तो पुन्हा वळला. "पूजेचं मी सगळ्यांना सांगेन. प्लेटांचं नाही सांगणार."